आरोग्यचिंतन : शाकाहारी घरातले कोलेस्टेरॉल



चातुर्मास सुरू झाला की गावोगावच्या स्थानकांत प्रवचनांबरोबर आरोग्य-तपासणी शिबिरेही भरू लागतात. बीड जिल्ह्यातील अशा अनेक शिबिरांत मी टेबलापलीकडे बसलो आहे. रक्तदाब मोजून घ्यायला सगळे आनंदाने हात पुढे करतात, साखर तपासायलाही हरकत नसते. मात्र कोलेस्टेरॉलच्या तपासणीची चिठ्ठी पुढे केली की पंचेचाळिशीचा एखादा श्रावक हसून ती परत करतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आपण शुद्ध शाकाहारी. आपल्याला कसले आले कोलेस्टेरॉल?"

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. पहिल्यांदा मात्र ते आमच्याच घरात ऐकले, आणि त्याचे फळही आमच्याच घराने भोगले. म्हणून आजचा लेख थोडा घरातलाच आहे.

आमचे मूळ घर आष्टी तालुक्यातील कडा गावचे. बीड-नगर रस्त्यावरच्या या गावात वडिलांचे धान्य व किराण्याचे दुकान होते. १९८६ च्या हिवाळ्यात एके सकाळी सामायिक आटोपून ते गादीवर बसले, छातीत जळजळते म्हणाले, पित्त समजून सोडा घेतला आणि दुपारच्या आत गेले. वय एक्कावन्न. मी तेव्हा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो. थोरले बंधू बावीस वर्षांचे होते. दुकान, आई, दोन बहिणींची लग्ने आणि माझे शिक्षण, सगळा भार त्यांनी उचलला. त्याच वर्षी त्यांनी चौविहाराचा नियम घेतला. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. तो नियम त्यांनी एक दिवसही मोडलेला नाही.

२०१४ मध्ये गावातल्या शिबिरात भाऊंचे रक्त तपासले गेले. त्यांच्या रक्तात घातक समजले जाणारे एलडीएल १७८, हितकारक एचडीएल अवघे ३४ आणि ट्रायग्लिसराइड २४० निघाले. मी दूरध्वनी करून म्हणालो, "भाऊ, हे आकडे बरे नाहीत. वडिलांचे आठवा." ते हसले. "अरे डॉक्टर, आपल्या घरात अंड्याचा वाससुद्धा शिरलेला नाही. यंत्र चुकले असेल." ज्या हातांनी माझी फी भरली त्या हातांपुढे माझा शब्द आखडला. मी विषय सोडून दिला.

आता भाऊंचे चुकत कुठे होते ते पाहू.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा मऊ पदार्थ आहे, आणि तो मुळात शत्रू नाही. आपल्या प्रत्येक पेशीभोवती जे पातळ पटल असते, त्याला घट्टपणा आणि लवचिकपणा देण्याचे काम तो करतो. अन्नातील स्निग्धांश पचवणारे पित्तरस त्याच्यापासून होतात. स्त्रीत्वाची व पुरुषत्वाची संप्रेरके, ताणाच्या प्रसंगी लागणारे कॉर्टिसोल, उन्हात त्वचेखाली घडणारे ड जीवनसत्त्व, या सर्वांचा कच्चा माल तोच. शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या मेंदूत असतो. इतकी आवश्यक वस्तू निसर्गाने ताटावर सोपवलेली नाही. शरीर ती स्वतःच तयार करते, दररोज पाऊण ते एक ग्रॅम, आणि या कामात यकृताचा वाटा मोठा असतो. शाकाहारी माणसाचे यकृतही हे काम करते. आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाचे यकृतही करते.

मग अंड्याचे नाव एवढे कसे झाले? १९१३ च्या सुमारास रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिचकोव्ह या संशोधकाने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्या कठीण झाल्याचे दाखवले. जिवांना पीडा देणारा तो प्रयोग आपल्या मनाला रुचणारा नाही, पण त्यातून दोन समजुती जगभर पसरल्या. रक्तातील कोलेस्टेरॉलमुळे धमन्या रोगट होतात, ही पहिली. रक्तात येणारे कोलेस्टेरॉल ताटातूनच येते, ही दुसरी. पहिली समजूत पुढे भक्कम पुराव्याने टिकली. दुसरी अर्धवट ठरली, कारण ससा तृणाहारी आहे आणि माणसाचे शरीर बाहेरून आलेले कोलेस्टेरॉल बऱ्याच अंशी सावरून घेते. बाहेरून जास्त आले की ते आतले उत्पादन कमी करते. आपण मात्र दुसरी समजूत उराशी धरून बसलो आणि अंडे न खाणाऱ्याला अभयपत्र देऊन मोकळे झालो.

हा सगळा व्यवहार आपल्या मोंढ्यासारखा आहे. कोलेस्टेरॉल तेलकट असल्यामुळे रक्ताच्या पाण्यात विरघळत नाही, त्याला वाहून न्यायला गाड्या लागतात. एलडीएल ही माल पोहोचवणारी गाडी. एचडीएल ही उरलेला माल उचलून परत यकृताकडे आणणारी गाडी. यकृतावर माल उतरवून घेणारी दारे असतात. दारे पुरेशी उघडी असली की रस्ता मोकळा राहतो. दारे कमी झाली की भरलेल्या गाड्या रस्त्यावर तुंबतात, धमनीच्या अस्तरात शिरतात आणि तेथे थर साचू लागतो. हा थर वर्षानुवर्षे मुकाट वाढतो. दुखत नाही, खुपत नाही. एखाद्या सकाळी तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाची वाट बंद होते. या दारांचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकन वैद्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दारे कमी होण्याची दोन कारणे आपल्या घरांशी संबंधित आहेत. पहिले कारण आनुवंशिकता. काही कुळांत जन्मतःच ही दारे कमी किंवा सदोष असतात. अशा घरात पन्नाशीच्या आत-बाहेर माणसे "अचानक" जातात, आणि आपण त्याला आयुष्याची दोरी तेवढीच होती असे म्हणतो. दुसरे कारण संपृक्त मेद. तूप, लोणी, साय, खवा, पाम तेल, खोबरेल आणि वनस्पती तूप यांत तो भरपूर असतो. तो रक्तात वाढला की यकृताची दारे मिटू लागतात. म्हणजे ताटात कोलेस्टेरॉल नगण्य असले तरी ताटातला संपृक्त मेद रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवू शकतो. वनस्पती तुपाचे उदाहरण यासाठी उत्तम आहे. ते वनस्पतीजन्य, त्यात कोलेस्टेरॉल शून्य, आणि तरीही त्यातील ट्रान्स मेदामुळे ते हृदयाला साध्या तुपाहून अधिक घातक ठरले. अखेर जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-तुपातील ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आली. तेलाच्या डब्यावर "कोलेस्टेरॉलमुक्त" असे ठळक छापलेले असते, त्याने भुलू नये. कोणत्याच वनस्पती तेलात सांगण्याजोगे कोलेस्टेरॉल कधी नव्हतेच.

तिसरी गोष्ट भाऊंच्या अहवालातल्या इतर दोन आकड्यांची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील शहरी व ग्रामीण लोकांचे रक्त तपासले होते. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक सुमारे १४ टक्के निघाले. परंतु हितकारक एचडीएल कमी असलेले ७२ टक्के, आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले जवळजवळ ३० टक्के होते. या दोन दोषांचा मांसाहाराशी फारसा संबंध नाही. बैठे काम, पोटाचा घेर, मैदा, साखर, गोड चहा यांच्याशी मात्र आहे. भाऊ पहाटेपासून रात्रीपर्यंत गादीवर बसून असत. आमच्याच तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर उसाच्या तोडीला जाणारी माणसे दिवसभर मोळ्या उचलतात. त्यांच्या भाकरीवरचे तेल अंगमेहनतीत जळते. आमच्या बाटीवरचे तूप जळायला तसा वावच नव्हता. दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे इतर देशांच्या मानाने पाच-सहा वर्षे आधी येतो, हे अनेक देशांत मिळून झालेल्या अभ्यासाने दाखवले आहे.

भाऊंना तो बावन्नाव्या वर्षी आला. २०१६ च्या जानेवारीत, पहाटे. वडिलांची आठवण ताजी असल्याने भाभींनी सोड्याची बाटली शोधली नाही, गाडी बोलावली. नगरच्या एका रुग्णालयात तासाभरात उपचार सुरू झाले, धमनीत स्टेंट बसला आणि भाऊ वाचले. घरी येताना पाच औषधांची चिठ्ठी मिळाली. ती मी स्वतः वाचली, एकदा नव्हे तीनदा, आणि समाधानाने घडी करून परत दिली.

त्या चिठ्ठीतले एक औषध स्टॅटिन गटातले होते. त्याची कथा धान्याच्या व्यापाऱ्यांना गंमतशीर वाटेल. जपानचे अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार बुरशांची परीक्षा केली, आणि १९७३ मध्ये यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पदार्थ त्यांना सापडला तो क्योतो येथील एका धान्यदुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत. आतली निर्मिती कमी झाली की यकृत आपली दारे अधिक उघडते आणि रस्त्यावर तुंबलेला माल ओढून घेते. १९९४ मध्ये उत्तर युरोपातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीने सिद्ध केले की या गटातील औषधाने साडेपाच वर्षांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले. झटका येऊन गेलेल्या माणसाला हे औषध ऐच्छिक नसते. ते त्याच्या धमनीवरचे पहारेकरी असते.

सात महिन्यांनी भाऊंचे रक्त पुन्हा तपासले. एलडीएल १७१. डॉक्टरांनी मात्रा दुप्पट केली. पुढच्या तपासणीतही आकडा हलला नाही. घरातले तूप अर्ध्यावर आले होते, भाऊ रोज मारुतीच्या देवळापर्यंत चालत होते, तरी हे असे का, मला उमजेना. दिवाळीच्या साफसफाईत भाभींनी गादीशेजारचा खण उघडला. त्यात त्या गोळीच्या पट्ट्या नीट रचून ठेवलेल्या होत्या. एकही गोळी फोडलेली नव्हती.

चिठ्ठीवर त्या गोळीपुढे लिहिले होते, "रात्री झोपताना".

मी त्याच दिवशी कड्याला गेलो. भाऊ शांतपणे म्हणाले, "सकाळच्या सगळ्या गोळ्या घेतो. ही रात्रीची. रात्री मी पाणी कसे घेणार?" मी विचारले, "मग डॉक्टरांना का नाही सांगितले? मला का नाही?" ते थोडा वेळ गप्प राहिले. "नियम काय सांगत फिरायचा असतो का? आणि तू तर घरचाच. तुला ठाऊक होतेच ना."

वाचकहो, मला ठाऊक होतेच. तीस वर्षे मी त्यांना सूर्यास्तापूर्वी ताटावरून उठताना पाहिले होते. शिबिरात परक्या माणसाला जेवणाच्या वेळा विचारणारा मी, सख्ख्या भावाच्या चिठ्ठीवरचे दोन शब्द तीनदा वाचून पुढे गेलो. दोष लिहिणाऱ्याचा म्हणावा तर त्याला नियम माहीत नव्हता. भाऊंचा म्हणावा तर त्यांनी नियम पाळला. माहिती दोन्हीकडची होती ती एकट्या माझ्याकडे.

खरी खंत पुढेच आहे. त्या गोळीसाठी रात्रीची गरजच नव्हती. या गटातील जुनी औषधे शरीरातून लवकर निघून जातात आणि यकृताचे कोलेस्टेरॉलचे काम रात्री जोरात चालते, म्हणून ती रात्री देण्याची रीत पडली. परंतु आज सर्वाधिक वापरात असलेली अॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही दोन औषधे दीर्घकाळ टिकतात. ती सकाळी नवकारसीनंतर घेतली काय किंवा सायंकाळी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाबरोबर घेतली काय, परिणाम सारखाच होतो. भाऊंना लिहून दिलेली गोळी यांपैकीच होती. वेळ ठरलेली आणि रोजची असावी, एवढेच पुरे. अर्थात औषधाचे नाव पाहून आपल्या डॉक्टरांकडून खात्री करूनच वेळ बदलावी.

आपल्या घरांतून येणाऱ्या आणखी काही शंकांचे निरसन येथेच करतो. बुरशीतून सापडलेले औषध घ्यावे की नाही, असा प्रश्न काही साधक विचारतात. वर सांगितलेली दोन्ही औषधे रासायनिक प्रक्रियेने तयार होतात, ती बुरशीपासून काढलेली नसतात. गोळी आणि कॅप्सूल यांत मात्र भेद करावा. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. "ओमेगा-३" या नावाने मिळणाऱ्या बहुतेक कॅप्सूलांत माशाचे तेल असते. डॉक्टरांना स्पष्ट सांगितले की पर्याय सुचवता येतो. या औषधांनी काहींचे स्नायू दुखतात, साखर किंचित वाढू शकते, गर्भावस्थेत ती सहसा टाळतात. तक्रार असेल तर गोळी मुकाट बंद न करता सांगावी. मात्रा किंवा औषध बदलता येते.

अठाई किंवा त्याहून मोठी तपश्चर्या झाल्यावर लगेच रक्त तपासू नये. दीर्घ उपवासात शरीर साठवलेली चरबी वापरू लागते आणि कोलेस्टेरॉलचा आकडा काही दिवस वर गेलेला दिसू शकतो. पारण्यानंतर काही आठवडे जाऊ द्यावेत. हृदयविकार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी पचक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. गुरुभगवंतही अशा वेळी शक्ती पाहूनच तप करावयास सांगतात.

आता ताटाकडे वळू. आपल्या परंपरेने दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ यांना विगई म्हटले आणि त्यांचा यथाशक्ती त्याग सांगितला. ऊणोदरी आणि रसपरित्याग यांना बाह्य तपांत स्थान दिले. हे तप कर्मनिर्जरेसाठी आहे, रक्ताचा अहवाल सुधारण्यासाठी नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. त्यामुळे मी धर्माला वैद्यकाचे प्रमाणपत्र देऊ इच्छित नाही. माझे म्हणणे इतकेच की, आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस जे ताट आपण हसतमुखाने स्वीकारतो, ते उरलेल्या वर्षात इतके उलटे का व्हावे? पारण्याच्या दिवशी बाटीवर तुपाची धार, चुरमा, तळलेली कचोरी आणि वर कुंथलगिरीचा पेढा, हे सारे एकाच बैठकीत का असावे?

माणशी महिन्याला अर्धा किलो तेल-तूप, हा हिशेब घरच्या गृहिणीला सहज ठेवता येतो. दिवसाला तो सतरा ग्रॅमच्या आसपास पडतो. त्यात तूप एक चमचा असावे, त्याला विष समजू नये. आमच्या भागात पूर्वी रब्बीच्या ज्वारीला करडईचे पाटे असत. काटेरी असल्यामुळे ते गुरांपासून पिकाची राखण करत, आणि त्याच करडईचे घाण्याचे तेल वडिलांच्या दुकानात विकले जाई. त्या तेलात संपृक्त मेद जेमतेम दहा टक्के, तर पाम तेलात निम्म्याच्या आसपास. म्हणून फरसाणाच्या दुकानातील तळणापेक्षा घरातले करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल बरे. परंतु चांगले तेल जास्त ओतले म्हणून ते औषध होत नाही. करडईच्या तेलाच्या काळातही वडील एक्कावन्नाव्या वर्षी गेले, हे मी विसरू शकत नाही. ज्वारीची भाकरी, तूर-मुगाचे वरण, मटकी, मेथ्या, पेरू, आणि कोरड्या भाकरीशी जवसाची चटणी, हा मराठवाड्याचा आहार पुन्हा ताटात यावा. कडधान्ये आणि मेथ्यांतील विद्राव्य तंतू आतड्यात पित्तरस धरून ठेवतात, मग नवे पित्त करायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. जवसात वनस्पतीजन्य ओमेगा-३ विपुल आहे. रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालणे मात्र कोणत्याही चटणीने टळत नाही.

तपासणीविषयी थोडक्यात. प्रत्येकाने विशी ओलांडल्यावर एकदा आणि पुढे दर काही वर्षांनी लिपिड तपासणी करावी. घरात कोणी पंचावन्नच्या आत हृदयविकाराने गेले असेल तर मुलांचीही करावी. निरोगी माणसाचे एलडीएल दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असावे. झटका येऊन गेलेल्यांचे ७० च्याही खाली, आणि अनेकदा ५५ च्या खाली आणावे लागते. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत, एचडीएल पुरुषांत ४० च्या व स्त्रियांत ५० च्या वर असावे.

भाऊ आज साठी ओलांडून गेले आहेत. त्यांचे एलडीएल ५८ आहे. सायंकाळी भाभी ताट वाढतात तेव्हा वाटीशेजारी ती गोळी ठेवलेली असते. सूर्य मावळायच्या आत ताट आणि गोळी दोन्ही आटोपतात, मग भाऊ पाणी पिऊन पचक्खाण घेतात. त्यांचा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा आहे. त्याचे एलडीएल १६५ निघाले तेव्हा भाऊंनीच त्याला माझ्याकडे पाठवले, आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिले, "याचाही चौविहार आहे. आधीच सांगून ठेवतो."

तेव्हा वाचकहो, या चातुर्मासात तपासणीला जाल तेव्हा आपला आहार शुद्ध आहे एवढे सांगून परत फिरू नका. दवाखान्यात आपला नियम पहिल्या भेटीतच सांगा. घरात ज्येष्ठांच्या औषधांचा खण असेल तर आज एकदा तो उघडून पाहा. जयणेने पाहा, रागावू नका, आणि त्यांना विचारा.